खोटी केस आणि खोटा पगार

(मुंबईत तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या बैठकीत एक ठराव वाचला गेला. ‘कौटुंबिक हिंसाचाराच्या खोट्या केसेस टाकून पुरुषांना लुटणाऱ्या बायकांचा हे शिबिर निषेध करते.’ ठराव मांडणारा माझा दोस्त आहे. तो मवाली नाही, बायकोला मारणारा नाही. त्याच्या थोरल्या भावावर केस आहे आणि तारखा करून करून त्याची म्हातारी वाळून गेलीय. त्याचं दुःख खरं आहे. पण ठराव चुकीचा आहे, आणि तो जसाच्या तसा पास झाला तर उद्या आपल्याच नरडीला लागणार आहे. म्हणून मी उभा राहिलोय.

मी मॅट्रिक झालेला माणूस. गोदीत गोण्या वाहतो. कविता करतो, पण वकील नाही. तरी गेली दोन वर्षं पाळी सुटल्यावर कोर्टाच्या व्हरांड्यात बराच उभा राहिलोय, आणि कायद्याची पुस्तकं अडखळत का होईना वाचलीत. तिथं जे दिसलं तेवढंच सांगतो.

पहिला प्रश्न. ‘खोटी केस’ हा शब्द आपण याआधी कुठं ऐकलाय?

गावात पाटलाच्या पोरानं आपल्या माणसाला तुडवलं, ॲट्रॉसिटी दाखल झाली, की दुसऱ्या दिवशी चावडीवर काय बोंब उठते? ‘खोटी केस टाकली. पैशासाठी टाकली. सरकारी मदत खायला टाकली.’ हीच ना? १९८९ चा कायदा आला तेव्हापासून ही बोंब चालू आहे. २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात निकाल दिला, की कायद्याचा गैरवापर होतो. सबब सरकारी नोकराला अटक करायची तर त्याला नेमणाऱ्या अधिकाऱ्याची परवानगी घ्या, इतरांसाठी पोलीस अधीक्षकाची घ्या, आणि गुन्हा नोंदवायच्या आधी चौकशी करता येईल. २ एप्रिलला आपण देश बंद केला. रस्त्यावर माणसं मेली. ऑगस्टमध्ये संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला. १ ऑक्टोबर २०१९ ला त्याच न्यायालयानं ते आदेश मागं घेतले. मागं घेताना जे सांगितलं त्याचा मतलब असा, की केस टिकली नाही याचं कारण तपासातली कसूर असू शकते, आणि एका समाजातल्या सगळ्या माणसांना लबाड धरणं माणसाच्या प्रतिष्ठेला धरून नाही.

आपण तेव्हा छाती ठोकून सांगत होतो, की आरोपी सुटला म्हणजे फिर्यादी खोटा ठरत नाही. मग आता तोच तराजू बाईच्या वेळेला माळ्यावर का टाकायचा? पाटलानं आपल्याला लबाड म्हटलं तर तो जातीयवाद, आणि आपण आपल्या वहिनीला लबाड म्हटलं तर ती समाजसेवा? हे जमणार नाही.

माझा दोस्त म्हणेल, आकडे बघ. बघू या आकडे.

दंडविधानात ४९८-अ हे कलम १९८३ साली आलं. नवऱ्यानं किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेला छळ हा त्यामुळं गुन्हा झाला. १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता लागू झाली, तिच्यात हेच कलम ८५ आणि ८६ म्हणून आहे. लोकांच्या तोंडी अजून ४९८-अ आहे, मीही तेच म्हणतो. २ जुलै २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं अर्नेशकुमार प्रकरणात निकाल दिला, त्यात २०१२ सालचे आकडे आहेत. त्या वर्षी या कलमाखाली १ लाख ९७ हजार ७६२ माणसं अटक झाली, त्यांत ४७ हजार ९५१ बायका होत्या. आरोपपत्र ९३.६ टक्के प्रकरणांत गेलं. शिक्षा मात्र १५ टक्के. पोलिसांची उठसूट अटक करायची सवय मोडायची म्हणून न्यायालयानं हे आकडे पुढं ठेवले. आपली पोरं त्यातलं फक्त पंधरा उचलतात आणि मोबाईलवर फिरवतात: बघा, शंभरातल्या पंच्याऐंशी बायका खोट्या.

अरे, केस सुटते कशी ते एकदा बघा तरी.

मारहाण होते ती घराच्या आत. साक्षीदार कोण? सासू, दीर, नाहीतर पाच वर्षांचं पोर. शेजारी म्हणतो आम्हाला काय ऐकू आलं नाही, आम्ही टीव्ही बघत होतो. बाई पहिल्यांदा ठाण्यात जाते तेव्हा अंमलदार अदखलपात्र नोंद करतो, हातात चिटोरं देतो, ‘नांदा सुखानं’ म्हणून घरी पाठवतो. तिसऱ्या-चौथ्या वेळेला फिर्याद लिहिली जाते, तोवर पाठीवरचे वळ गेलेले असतात. डॉक्टरचा दाखला नसतो. केस बोर्डावर येईतो चार-पाच वर्षं जातात. तोवर पोरांची फी, खोलीचं भाडं, बापाचं आजारपण. मग तडजोड. तीस-पस्तीस हजारांत माझ्यासमोर तडजोडी झाल्यात. हे कलम बाईनं नुसतं ‘मिटलं’ म्हटलं म्हणून मिटत नाही. एक तर साक्षीच्या दिवशी तिला फितूर व्हावं लागतं, नाहीतर दोघांनी उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. २००३ च्या एका निकालानं ती वाट मोकळी झालेली आहे. आणि तडजोडीच्या कागदावर बहुतेक वेळा एक शब्द टाईप केलेला असतो: ‘गैरसमजातून’. फिर्याद गैरसमजातून दिली होती. तो गैरसमज विकत घेतलेला असतो. उद्या तिची केस त्या पंच्याऐंशीत मोजली जाते, आणि परवा आपण शिबिरात तिच्या निषेधाचा ठराव वाचतो.

मथुरा आठवते का? १९७२ साल, देसाईगंजचं पोलीस ठाणं, आदिवासी पोरगी. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ ला दोन्ही पोलीस सोडले. म्हणून मथुरा खोटी होती काय? देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला बलात्काराचा कायदा बदलावा लागला. त्याच वर्षी हे ४९८-अ आलं. कायदा कुणी खैरातीत दिलेला नाही. हुंड्यापायी जाळलेल्या पोरींच्या राखेतून तो आलाय.

आणखी एक आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९ ते २१. लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरातल्या एकोणतीस बायकांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. आणि शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी कुणाकडं तरी मदत मागितली ती शंभरात चौदाजणींनी. ही मदतसुद्धा बहुतेक माहेरची. ठाणं आणि कोर्ट तर लांबच. म्हणजे आपल्या देशात न टाकलेल्या खऱ्या केसेसचा डोंगर आहे. त्याच्यावर कुणी ठराव आणला नाही.

आता दुसरी बाजू. ती मी गिळणार नाही. बहिणींनी रागावू नये.

बाई कधी खोटं बोलत नाही असं म्हणणारा तिला देवी करतो, आणि देवी केलेल्या बाईचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. बाई माणूस आहे. माणूस खोटं बोलतो, रागात बोलतो, भीतीपोटी बोलतो. २०२४ च्या डिसेंबरात बंगळूरला एका इंजिनिअरनं जीव दिला. मागं लांबलचक चिठ्ठी आणि चित्रफीत ठेवली. बायको, सासर आणि कोर्ट यांच्यावर त्यानं आरोप केले. त्याच्या मरणाची टवाळी मी करणार नाही आणि इथं कुणाला करू देणार नाही. पुढच्याच मे महिन्यात पुण्याजवळ एका तरुण सुनेचा जीव गेला, हुंड्यासाठी छळाचा आरोप झाला, सासरची माणसं अटक झाली. एका मढ्यानं दुसरं मढं झाकता येत नाही.

पण आपल्या वस्तीत खोटं कुठून घुसतं ते सांगतो. माझ्या ओळखीतली एक पोरगी नर्सिंग शिकत होती. होस्टेलवर राहायची, घरी सणासुदीला यायची. तिच्या भावानं बायकोला मारलं. मारलं हे खरं. माझ्या आईनं त्या वहिनीच्या पाठीला तेल चोळलंय. फिर्याद लिहिताना मात्र नवरा, सासू, सासरा, दीर आणि ही नणंद, अशी पाच नावं पडली. लिहिणारा म्हणाला, ‘सगळ्यांची टाक, म्हणजे येतील वठणीवर.’ वहिनीला वाचता येत नव्हतं. खाली अंगठा. मजकूर तोच, जो शंभर फिर्यादींत असतो: ‘क्षुल्लक कारणावरून शिवीगाळ, माहेरून पैसे आणण्याचा तगादा, शारीरिक व मानसिक छळ.’ कोण, कधी, कशानं, किती वेळा, काही नाही. पुढं नणंदेला नोकरी लागायची वेळ आली, पोलीस पडताळणीत गुन्हा निघाला, नोकरी गेली.

मारणारा एक आणि आरोपी पाच. याचा तोटा फक्त नणंदेला झाला असं समजू नका. वहिनीचाही झाला. चार नावं नुसत्या हवेवर आहेत हे दिसल्यावर पाचव्या नावावरचा विश्वासही पातळ होतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ ला, २०२२ ला आणि पुन्हा डिसेंबर २०२४ ला सांगितलं आहे, की मोघम आरोपांवर नवऱ्याचं सगळं गोत कोर्टात ओढता येणार नाही. म्हणून बाईला मदत करणाऱ्या कार्यकर्त्याचं पहिलं काम हे, की फिर्यादीत घडलं तेवढंच लिहून घ्यायचं. तारीख, वार, काय हातात होतं, कुठं लागलं, कोण हजर होतं. एक शब्द जास्त नको आणि एक शब्द कमी नको.

आणि अटकेचं म्हणाल तर तिचा मार सगळ्यांवर सारखा पडत नाही. टॉवरमधला आरोपी वकिलाला फोन करून अटकपूर्व जामीन घेतो. वस्तीतला आरोपी शनिवारी संध्याकाळी उचलला जातो, म्हणजे रविवार आतच. सोमवारी हजेरी बुडते, मंगळवारी मुकादम दुसरा माणूस घेतो. जामीन झाला तरी जामीनदार कुठून आणायचा? म्हणून हे पाठ करा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरळ बेड्या घालायच्या नाहीत. आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची, अटक करायचीच असेल तर कारण लिहायचं. हे २०१४ च्या निकालात आहे आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३५ मध्ये आहे. दुसरं, मोफत वकील. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणं बाईला तिची कमाई न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. अनुसूचित जातीच्या माणसालाही मिळतो, मग तो बाप्या असला तरी. म्हणजे मार खाणारीलाही आणि आरोपीलाही. १५१०० या नंबरावर फोन केला की माहिती मिळते. ज्यानं केलं नाही त्याच्या बाजूनं उभं राहायला बाईचा निषेध करावा लागत नाही. कायदा माहीत असावा लागतो.

आता ठरावातला खरा शब्द. ‘लुटणाऱ्या’. पैसा.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. त्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात सांगितलंय, की बायको, मुलगा आणि दास यांना स्वतःचं धन नसतं, ते कमावतील ते ज्याचे ते आहेत त्याचं. बघा, बाई आणि दास एकाच ओळीत बसवलेत. आपण त्या ओळीतून उठलो. बाईला तिथंच बसवून ठेवायचं काय?

लोक तीन गोष्टींचा काला करतात, म्हणून आधी त्या सुट्या करतो. ४९८-अ हा फौजदारी गुन्हा. त्यात पोलीस, आरोपपत्र, तुरुंग. दुसरा, २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. त्यात अर्ज केला म्हणून कुणाला अटक होत नाही. मॅजिस्ट्रेट म्हणतो, हिला मारू नको, घराबाहेर काढू नको, खर्चाला पैसे दे. तो हुकूम मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद. तिसरी, पोटगी. पूर्वीचं कलम १२५, आता नव्या संहितेत १४४. जुन्या कलमात महिना ५०० रुपयांच्या वर पोटगी देता येत नव्हती. ती मर्यादा २००१ साली उठली. म्हणजे कित्येक वर्षं त्या कलमाखाली बाईचं तोंड पाचशे रुपयांत बंद करता येत होतं. लूट कोण करत होतं सांगा.

या दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्जांत सगळा खेळ एका आकड्यावर असतो: नवऱ्याची कमाई किती. आणि व्हरांड्यात उभं राहून मी जी खोटी ऐकली, त्यांतलं सगळ्यांत मोठं खोटं या आकड्यात ऐकलं.

माझ्या टोळीतला एक गडी. त्याच्या बायकोनं दोन पोरांसाठी पोटगी मागितली. यानं प्रतिज्ञापत्र केलं, ‘मी नाक्यावरचा मजूर, महिन्याला सात हजार.’ मी आणि तो एकाच जहाजावर, एकाच स्लिंगखाली. गोण्या सारख्या, मजुरी सारखी. ओव्हरटाइम धरून वीस हजारांच्या वर हातात पडतात. थोडे बँकेत, बाकी रोख. पगाराची चिठ्ठी नाही. बाईच्या वकिलानं कंत्राटदाराकडं मस्टर मागितलं. तो देईना. कसा देईल? मस्टर बाहेर आलं तर त्यानं आमच्या पीएफचं काय केलं तेही बाहेर येईल. मालकाचं खोटं आणि नवऱ्याचं खोटं असं एकमेकांना टेकू देऊन उभं राहतं. मधे चिरडते ती बाई.

ती बाई धुणंभांडी करते. तिच्या वकिलानं सुचवलं, चार हजार मिळतात ते लिहू नका. ती म्हणाली, ‘मी पोरांचं मागते, भीक नाय मागत. लपवू कशाला?’ लिहिले. ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून दोघांनीही आपली कमाई, खर्च, मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर द्यायची असते. तिनं खरं दिलं.

तिनं मला साक्षीला विचारलं. मी गेलो. कवितेच्या वहीची मागची पानं मी रोजच्या हजेरीसाठी ठेवलीत. ती वही आणि माझं पासबुक कोर्टापुढं ठेवलं. उलटतपासणीत पलीकडच्या वकिलानं पहिलाच प्रश्न टाकला, ‘अर्जदार बाईंचे आणि तुमचे संबंध काय?’ सगळे वळून बघायला लागले. मी म्हणालो, ‘ती माझ्या शेजारच्या खोलीत राहते, आणि भिंत पातळ आहे.’

हा प्रश्न का येतो ते समजून घ्या. व्यभिचारात राहणाऱ्या बायकोला पोटगी नाही असं कलमातच आहे. म्हणून पैसे वाचवायचे तर सगळ्यांत स्वस्त हत्यार म्हणजे बाईचं चारित्र्य. शेजाऱ्याचं नाव घ्या, मेहुण्याचं घ्या, ती जिथं भांडी घासते तिथल्या शेठचं घ्या. हाही खोटाच आरोप आहे ना? कोर्टातले खोटे आरोप मोजायचे म्हणता, मग हेही मोजा.

हुकूम झाला: महिना सहा हजार, अर्जाच्या तारखेपासून. आता ‘लूट’ मोजू. सहा हजार म्हणजे दिवसाला दोनशे. आई आणि दोन पोरं, तोंडं तीन. माणशी सहासष्ट रुपये. त्यात भाडं, दूध, दप्तर, औषध. कोट्यवधींच्या पोटगीच्या बातम्या तुम्ही वाचता त्या करोडपतींच्या घरातल्या. त्यांच्या घटस्फोटाचं रडगाणं आपण आपल्या चाळीत कशाला गायचं?

तीन महिने त्यानं भरले. मग बंद. वॉरंट निघालं. पोलिसांचा शेरा आला, ‘मिळून आला नाही.’ रोज सकाळी गोदीच्या गेटवर पास दाखवून आत जाणारा माणूस मिळून येत नाही! थकलेल्या पैशासाठी एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही सांगितलं, तिनं केला. आणि तुरुंगात महिना काढला म्हणून देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ ला सांगून ठेवलंय. ‘माझ्याकडं काम नाही’ हेही चालत नाही. २०२२ च्या एका निकालात त्याच न्यायालयानं म्हटलंय, की धडधाकट नवऱ्यानं अंगमेहनत करून बायकोपोरांना पोसलं पाहिजे. अंगमेहनत आपल्याला नवी आहे काय?

माझ्या साक्षीनंतर चार महिने टोळीत कुणी माझ्याबरोबर डबा उघडला नाही. ‘बाप्यानं बाप्याविरुद्ध साक्ष दिली.’ मी त्यांना एकच विचारलं. गोदीत माल उतरताना टॅली क्लार्क दोन असतात, एक जहाजाचा आणि एक धक्क्यावरचा. आकडे जुळले नाहीत तर काय करतात? पुन्हा मोजतात. सगळी जहाजं चोर आहेत असा बोर्ड कुणी लावत नाही. मग बायकांच्या बाबतीत न मोजताच बोर्ड का लावता?

आता वेळेचं. २००५ च्या कायद्यात लिहिलंय, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत काढायचा प्रयत्न करा. हे वाचून व्हरांड्यातल्या बायका हसतात. प्रत्येक तारखेला बाईचे दोन खाडे आणि रिक्षाभाडं. साहेब रजेवर, वकिलांचा संप, समन्स बजावलं नाही, पुढची तारीख. नवरा गरीब असेल तर त्याचाही खाडा. दोघं उपाशी आणि कागद धष्टपुष्ट. जो थांबू शकतो तो जिंकतो. थांबायला पैसा लागतो, आणि पैसा बहुतेक वेळा नवऱ्याकडं असतो. म्हणून न्याय हा नुसता खरं-खोटं ठरवायचा प्रश्न नाही. खरं ठरेपर्यंत कोण तग धरतो हा प्रश्न आहे. खऱ्या फिर्यादीची बाई तडजोडीत विकत घेतली जाते, आणि निर्दोष गरीब पोरगाही कंटाळून पैसे देऊन मोकळा होतो. मुळात खोटं सोपं होतं ते या उशिरामुळं.

कोण म्हणेल, कोर्ट कशाला, आपली बैठक आहे. मी वस्तीतल्या त्या बैठका बघितल्यात. सुरुवातीला पंचशील म्हणायचं. चौथ्या शिलात खोटं बोलणार नाही म्हणायचं, पाचव्यात दारू पिणार नाही म्हणायचं. आणि मग दारू पिऊन मारणाऱ्याला ‘असं नको करू राव’, आणि मार खाणारीला ‘समाजाची इज्जत आहे, नांदायला जा’. ही बैठक काय आणि जातपंचायत काय, फरक फोटोचा. तिथं बाईची बाजू बोलायला बाई नसते, लिहून काही ठेवत नाहीत, आणि पैशाचा विषय निघाला की सगळ्यांना चहाची आठवण होते.

‘घरचं बाहेर नेलं तर सवर्ण हसतील’ हेही ऐकतो. बेबीताई कांबळ्यांनी ‘जिणं आमचं’मध्ये आपल्याच घरांतल्या सुनांचे हाल लिहिले. कित्येक वर्षं ते लिखाण त्यांनी घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं. त्यांनी लिहिलं म्हणून चळवळ लहान झाली काय? १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं, की नवऱ्याची मैत्रीण होऊन बरोबरीनं राहा, दासी होऊ नका. १९५१ ला हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून त्यांनी मंत्रिपद सोडलं. बाईच्या हक्कासाठी ज्यानं मंत्रिपद सोडलं त्याची पोरं म्हणवून घ्यायचं, तर टोळीतला डबा सुटला तरी काय बिघडलं?

मी माझ्या दोस्ताला म्हणतो, तुझा ठराव फाडू नको, बदल. तुझ्या भावानं मारलं नसेल तर आपण त्याच्यासाठी वकील उभा करू, मी स्वतः तारखेला येईन. मारलं असेल तर तुझ्या म्हातारीची माफी मागून सांगतो, मी वहिनीच्या बाजूला उभा राहीन. भाऊ असो की वहिनी, मोजायचं माप एकच.

माझा ठराव असा:

‘हे शिबिर ठरवते की, कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात आपला कोणताही कार्यकर्ता घडलेल्यापेक्षा एक नाव जास्त लिहायला लावणार नाही आणि घडलेले एक नाव गाळायला लावणार नाही. पोटगीच्या अर्जात आपल्यातला कोणीही खोटी कमाई लिहिणार नाही. सहकाऱ्याने लिहिली, तर त्याची खरी मजुरी माहीत असणारा माणूस कोर्टात जाऊन सांगेल. बाईच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून पैसे वाचवणाऱ्याला या संघटनेत जागा नाही. प्रत्येक वस्तीत दोन बाया आणि दोन पुरुष मिळून तारखेला सोबत जातील, वॉरंटच्या माणसाचा पत्ता पोलिसांना लेखी देतील, आणि मोफत वकिलाचा अर्ज भरून देतील, फिर्यादीला आणि गरीब आरोपीलाही. कंत्राटदारांनी मस्टर आणि पगाराची चिठ्ठी दिलीच पाहिजे, यासाठी लढा उभारला जाईल.’

शेवटच्या वाक्यावर काही जण हसले. हसू नका. पगाराची चिठ्ठी मिळाली तर युनियनचं भलं होईल आणि तुमच्या बायकोपोरांचंही होईल. चिठ्ठी नको असणारे दोघेच, मालक आणि खोटं प्रतिज्ञापत्र करणारा नवरा. तुम्ही कुणाच्या बाजूला आहात ते आज या खोलीत ठरू दे.

ठराव मताला टाका. बायकांनी आधी हात वर करावेत. आपण बाप्ये नंतर करू.

जय भीम.